लघवीतला अमोनिया विजेने वेगळा करतेय. निम्म्याहून जास्त करंट जातो कुठे?

काठावरची

नमस्कार. आकडे पूर्ण दिल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

गेले चार महिने मी एका छोट्या सेलवर काम करतेय. साठवलेल्या लघवीतला अमोनिया विजेने ओढून घ्यायचा आणि सल्फ्युरिक आम्लात पकडून त्याचं अमोनियम सल्फेट करायचं, एवढंच त्याचं काम. सेल दोन कप्प्यांचा आहे. मधे ८ बाय ८ सेंटिमीटरचं कॅटायन मेंब्रेन, म्हणजे फक्त धन आयनांना पलीकडे जाऊ देणारा पडदा. लघवी अ‍ॅनोडच्या, म्हणजे धन इलेक्ट्रोडच्या, कप्प्यातून वाहते. अमोनियम आयन पडदा ओलांडून कॅथोडकडे, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडकडे, जातात. तिथे पाण्यापासून हायड्रोजन सुटताना हायड्रॉक्साइड तयार होत असतो, त्यामुळे पीएच चढतो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होतो. त्या द्रावणातून हवा सोडून मी तो वायू आम्लाच्या बाटलीत नेते.

परवाच्या आठ तासांच्या फेरीचे आकडे असे. करंट १.२८ अँपिअर, व्होल्टेज सरासरी ६.२. लघवीत अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन लिटरला ४.२ ग्रॅम, सोडियम २.५ ग्रॅम, पोटॅशियम १.८ ग्रॅम. प्रवाह ताशी १०० मिली. म्हणजे आठ तासांत ३.३६ ग्रॅम नायट्रोजन आत गेला. आम्लाच्या बाटलीत २.१ ग्रॅम सापडला आणि बाहेर पडलेल्या लघवीत अजून ०.९ ग्रॅम होता. बाहेर येणाऱ्या लघवीचा पीएच २.१. कॅथोडकडे सोडियम सल्फेटचं ०.१ मोलर द्रावण आहे आणि दोन्ही कप्प्यांची जाडी प्रत्येकी दीड सेंटिमीटर.

हिशेब केला तर १.२८ अँपिअर आठ तास म्हणजे ०.३८२ मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन, आणि २.१ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ०.१५ मोल. शंभर इलेक्ट्रॉन खर्च केले तेव्हा एकोणचाळीस अमोनियम हाती लागले. एक किलो नायट्रोजनला ३० युनिट वीज पडली. हा आकडा वहीत लिहिताना मला फार वाईट वाटलं.

मी या कामात का आले तेही सांगते. हाबर-बॉश पद्धतीने आपण हवेतला नायट्रोजन प्रचंड ऊर्जा खर्चून बांधतो, खत करतो, पिकात घालतो, खातो. आणि तोच नायट्रोजन सांडपाण्यात आला की ब्लोअर लावून, पुन्हा ऊर्जा खर्चून, परत हवेत सोडून देतो. घरगुती सांडपाण्यात लघवीचा वाटा आकारमानाने जेमतेम एक टक्का, पण नायट्रोजनचा सुमारे ८० टक्के भाग तिच्यातून येतो. तो वाया जाताना मला बघवत नाही. पण ३० युनिटांच्या आकड्यावर कोणाला काय पटवून देणार?

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उरलेला करंट जातो कुठे? पडद्याच्या कॅथोडकडच्या बाजूला पांढरा थर धरतोय, तो फॉस्फेटचा आहे का? आणि अ‍ॅनोडच्या कप्प्यातून मी अपेक्षा केली होती त्याच्या दुप्पट तरी बुडबुडे येतात. माझे मार्गदर्शक म्हणतात की त्यात कार्बन डायऑक्साइड असावा, आणि तसं असेल तर याच सेलला कार्बन पकडण्याचा सेल म्हणता येईल का ते बघ. मला ते ओढूनताणून वाटतं, पण खात्री नाही.

ब्लोअरवाला

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, पण ३० युनिटांवरून इतकं खचू नका. मी सांडपाणी प्रकल्पाच्या एरेशन टाकीवर सोळा वर्षं काढली आहेत. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, हा आकडा आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. ब्लोअर आणि डिफ्यूझर बरे असतील तर एका युनिटात एक ते दोन किलो ऑक्सिजन पाण्यात उतरतो. म्हणजे किलोमागे सव्वादोन ते साडेचार युनिट निव्वळ हवेचे. त्यानंतर नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायला जिवाणूंना कार्बन खाऊ घालावा लागतो, तो खर्च वेगळाच. आणि एवढं करून हाती काहीच उरत नाही. तुमच्या खर्चातून हे वजा करा, शिवाय खत हाती येतं.

एकच कळकळीची विनंती: हा सेल कोणाच्या आग्रहाखातर मुख्य प्रवाहातल्या सांडपाण्यावर लावू नका. तिथे नायट्रोजन लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तुमच्या लघवीच्या शंभरावा हिस्सा. पाणी वीज नीट वाहून नेत नाही आणि अमोनियमपेक्षा सोडियम-कॅल्शियमचीच गर्दी जास्त. आमच्याकडे एकदा असा प्रयोग आणून ठेवला होता. तीन आठवड्यांत इलेक्ट्रोडवर चुन्याचं कवच चढलं आणि करंट बंद पडला. लघवी वेगळी मिळत नसेल तर गाळ कुजवण्याच्या डायजेस्टरमधून निघालेला गाळ पिळल्यावर जे पाणी सुटतं ते घ्या. त्यात लिटरला एक ग्रॅमच्या घरात नायट्रोजन असतो.

मोजमाप

आधी सुरक्षेचं, कारण तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मला त्याची काळजी वाटली. लघवीत मीठ असतं. ती थेट अ‍ॅनोडवरून वाहवली की क्लोराइडपासून क्लोरीन बनतो, आणि समोर अमोनिया आहेच, त्यामुळे क्लोरामाइन तयार होतात. पीएच २.१ पर्यंत उतरला असेल तर नायट्रोजन ट्रायक्लोराइडही होऊ शकतो, आणि तो विषारी तर आहेच, शिवाय स्फोटक आहे. कॅथोडकडे हायड्रोजन सुटतोय, तोही हवेत ४ टक्क्यांच्या वर गेला की पेट घेऊ शकतो. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या, दोन्ही फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात. हे आज करा, बाकीचं उद्या.

आता करंट. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे, फक्त आयनांची खातेवही मांडायला हवी. आत आलेला ३.३६, बाटलीत २.१, बाहेर ०.९, उरलेला ०.३६ ग्रॅम कॅथोडच्या द्रावणातच विरघळून बसला असणार. तो धरला तर पडदा ओलांडलेला अमोनियम होतो ०.१७६ मोल. आता समजा, आठ तासांत आलेल्या लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियम एकूणएक पलीकडे गेलं. तसं होत नाही, पण समजा. ते दोन्ही मिळून ०.१२४ मोल. बेरीज ०.३०. इलेक्ट्रॉन गेले ०.३८२. मग उरलेले ०.०८ मोल कोणी वाहून नेले?

हायड्रोजन आयनांनी. दुसरा उमेदवारच नाही.

अ‍ॅनोडवर पाणी फुटतं तेव्हा आम्ल तयार होतं. लघवीतला बायकार्बोनेट आणि अमोनिया ते काही काळ पोटात घेतात. ती क्षमता संपली की पीएच कोसळतो आणि मोकळे हायड्रोजन आयन पडद्याकडे धावतात. धावतात हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पाण्यात अमोनियम आणि पोटॅशियम या दोघांचीही आयनिक वाहकता सारखीच आहे, ७३.५ एककं, सोडियमची ५०, आणि हायड्रोजन आयनाची जवळजवळ ३५०. म्हणजे पाचपट चपळ गडी रांगेत घुसला. तो पलीकडे जाऊन काय करतो? तुम्ही वीज खर्चून केलेला हायड्रॉक्साइड खाऊन टाकतो. करंटही घेतला आणि पीएचही पाडला, दुहेरी नुकसान. पडदा पूर्ण निवडक नसतो, त्यामुळे थोडा हायड्रॉक्साइड उलट्या दिशेनेही येत असेल, पण खातेवहीत त्याचा परिणाम तोच.

मी स्वतः यात दीड वर्ष घालवलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो. माझी समजूत होती की करंट वाढवला की अमोनिया जास्त निघेल. निघायचाही, पण थोडाच. मी नवीन पडदे मागवत राहिलो, प्रत्येक वेळी पडद्याला दोष देत राहिलो. मग एका रात्री बाहेर येणाऱ्या द्रवाचा पीएच दर पंधरा मिनिटांनी टिपला आणि बघितलं की पीएच तीनखाली गेला त्याच सुमारास कार्यक्षमतेची रेघ वाकते. पडदे सगळे चांगले होते.

म्हणून करंट ठरवताना आधी एकच भागाकार करा: तासाला किती मोल इलेक्ट्रॉन देतोय भागिले तासाला किती मोल अमोनियम आत येतोय. तुमचा १.२८ अँपिअर म्हणजे तासाला ०.०४८ मोल. अमोनियम येतो ०.०३०. गुणोत्तर १.६. हे एक ते सव्वाच्या आसपास असावं. त्याच्या वर दिलेला करंट हायड्रोजन आयनांच्याच पदरात पडतो. तुमचा करंट तोच ठेवून प्रवाह ताशी १५० मिली केलात तर गुणोत्तर १.०६ होईल.

दुसरी गळती व्होल्टेजची आहे. एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला अल्कली करत पाणी फोडायला सिद्धांतानुसार जास्तीत जास्त २.०६ व्होल्ट लागतात, तुम्ही ६.२ देताय. इलेक्ट्रोडवरचा जादा खर्च सोडला तर उरलेला बराचसा दीड-दीड सेंटिमीटरच्या पाण्यात ऊन होऊन जातो. ०.१ मोलर सोडियम सल्फेटची कंडक्टिव्हिटी साधारण १६ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर धरा. तुमचा करंट चौरस सेंटिमीटरला २० मिलिअँपिअर. एकट्या कॅथोडच्या कप्प्यात १.९ व्होल्ट गेले! कप्पे तीन-चार मिलिमीटरवर आणा. इतका साधा बदल आहे, पण याच्याइतकी वीज वाचवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पुढे जाऊन आणखी एक करता येतं. कॅथोडवर सुटणारा हायड्रोजन अ‍ॅनोडला परत पाजायचा, म्हणजे तिथे पाणी फोडावं लागत नाही. ऑक्सिजन सुटत नाही, क्लोरीनही नाही, आणि व्होल्टेज खूप खाली येतं. त्यासाठी वायू झिरपू देणारा वेगळा अ‍ॅनोड लागतो. आत्ता त्याच्या मागे लागू नका.

पांढऱ्या थराबद्दल: फॉस्फेट नसावा. फॉस्फेट ऋण आयन आहे, तुमचा पडदा त्याला पलीकडे जाऊ देत नाही. शिवाय लघवी साठवली की जिवाणूंचं युरिएझ हे एन्झाइम युरियाचं अमोनिया आणि बायकार्बोनेट करतं, पीएच नऊपर्यंत चढतो, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमबरोबर फॉस्फेटचा बराच भाग स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे स्फटिक) वगैरे होऊन कॅनच्या तळाशी बसतो. तो गाळ फेकू नका, तुमचा फॉस्फरस तिथे आहे. (अवांतर: १६६९ मध्ये हेनिग ब्रांटने हॅम्बुर्गमध्ये फॉस्फरस शोधला तो लघवी आटवूनच, आणि स्ट्रुव्हाइटचं खनिज म्हणून वर्णन झालं तेही १८४५ मध्ये हॅम्बुर्गमध्येच. मला ही जोडी फार आवडते.) पडद्यावर जे दिसतंय ते वाचलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला भेटून तयार झालेलं असावं. थोडं खरवडून सौम्य आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट, मुकाट विरघळलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड.

क्विनोन

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण माझा दिवस कार्बन डायऑक्साइड पकडण्यातच जातो.

तुमचे मार्गदर्शक बुडबुड्यांबद्दल बरोबर आहेत. युरियाच्या एका रेणूतून नायट्रोजनचे दोन अणू आणि कार्बनचा एक अणू सुटतो. म्हणजे ताशी ०.०३० मोल अमोनियमबरोबर सुमारे ०.०१५ मोल बायकार्बोनेट आत येतोय. पीएच सहाच्या खाली गेला की त्यातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तुमच्या करंटला ऑक्सिजन फार तर ताशी ०.०१२ मोल सुटतो. दोन्ही मिळवा, दुप्पट बुडबुडे जुळतात. चुन्याच्या निवळीतून वायू सोडून बघा, दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड.

पण याला कार्बन पकडणं म्हणावं का? मला वाटतं, प्रामाणिकपणे नाही. एक किलो नायट्रोजनमागे जास्तीत जास्त १.६ किलो कार्बन डायऑक्साइड मिळेल, तोही ऑक्सिजनमध्ये मिसळलेला. हा कार्बन अन्नातून आला, म्हणजे बहुतांशी अलीकडेच हवेतून आला. तो परत हवेत गेला तर हवेत भर पडत नाही, आणि कायमचा साठवला तरच काही कमावलं. असं लिहून निधी मिळवता येईल, पण पुढे कोणी वजनाचा ताळेबंद मागितला तर तो उभा राहणार नाही.

मला मात्र तुमच्या सेलमध्ये दुसरंच दिसतं. ज्या अ‍ॅनोडच्या आम्लाला तुम्ही शत्रू मानताय तेच आमचं हत्यार आहे. अल्कलीत अमोनिया वायू होऊन सुटतो, आम्लात कार्बन डायऑक्साइड. एकाच विजेने दोन्ही टोकं तयार होतात. समुद्राच्या पाण्यातून कार्बन काढणारे हेच करतात. त्या पाण्यात लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, बहुतांश बायकार्बोनेट म्हणून. हवेच्या एका लिटरात एक मिलिग्रॅमही भरत नाही. पाणी आम्लधर्मी करायचं, वायू ओढून घ्यायचा, मग अल्कली घालून पीएच पूर्ववत करून पाणी परत सोडायचं. तिथे पाणी फोडण्याऐवजी बायपोलर मेंब्रेन वापरतात. त्याच्या दोन थरांच्या मधे पाण्याचे फक्त हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन वेगळे होतात, वायू सुटत नाही, आणि किमान व्होल्टेज ०.८३ पुरतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनशिवाय मिळतो.

मोजमाप यांनी नायट्रोजनचा हिशेब मांडला तसाच इथेही असतो. एका रेणूमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर एक टन कार्बन डायऑक्साइडला प्रत्येक व्होल्टमागे ६०९ युनिट. हे फॅरेडेच्या नियमातून येतं, त्यात घासाघीस नाही. ४०० पीपीएमच्या हवेतून काढायची सैद्धांतिक किमान ऊर्जा टनाला सुमारे १२५ युनिट आहे. दोन्हींमधली दरी बुजवण्यासाठीच आम्ही पाणी सोडून दुसऱ्या रसायनांकडे वळलो.

२०१९ मध्ये एमआयटीत व्होस्कियन आणि हॅटन यांनी अँथ्राक्विनोन या क्विनोन गटातल्या सेंद्रिय रसायनाचं पॉलिमर इलेक्ट्रोडवर चढवलं. त्याला इलेक्ट्रॉन दिले की ते कार्बन डायऑक्साइड धरतं, काढून घेतले की सोडतं. त्यांनी दिलेला खर्च एका मोलला ४० ते ९० किलोज्यूल, म्हणजे टनाला साधारण २५० ते ५७० युनिट, आणि सात हजार आवर्तनांनंतर धारणक्षमता तीस टक्क्यांहून कमी घटली होती. रूढ पद्धतीत कार्बन डायऑक्साइड शोषणारं अमाइनचं द्रावण १२० अंशांपर्यंत तापवून कार्बन सोडवावा लागतो, टनाला साडेतीन-चार गिगाज्यूल उष्णता. वाफेऐवजी फक्त स्विच उलटा करून काम होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विषय बदलला. अडचण ऑक्सिजनची आहे. इलेक्ट्रॉन घेतलेल्या क्विनोनला तो चटकन गाठतो, आणि खऱ्या धुरात किंवा हवेत ऑक्सिजन असतोच. माझी गेली तीन वर्षं त्यातच गेली आहेत.

काठावरची

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. फ्यूम हूडचं त्याच दिवशी केलं. खरं तर जलतरण तलावासारखा वास दोन आठवडे येत होता आणि मी तो नळाच्या पाण्याचा समजत होते.

अकरा दिवसांनी लिहितेय, कारण नवे कप्पे कापून घ्यायचे होते. आता दोन्ही ४ मिलिमीटरचे आहेत. प्रवाह ताशी १५० मिली, करंट तोच. आठ तासांची फेरी तीनदा केली. व्होल्टेज ३.८. बाटलीत सरासरी ३.१ ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे शंभर इलेक्ट्रॉनमागे ५८. किलोला साडेबारा युनिट! बाहेरचा पीएच ३.४. आत आलेल्यापैकी ६२ टक्केच मिळतोय, तो आकडा जिथल्या तिथे आहे, पण उरलेल्यासाठी दुसरा सेल मागे जोडता येईल असं वाटतं.

चुन्याची निवळी दुधाळ झाली. मार्गदर्शकांना क्विनोन यांचा हिशेब दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि प्रस्तावातून "कार्बन पकडणे" हे शब्द काढले. त्याऐवजी बायपोलर मेंब्रेनची एक जोडी मागवायची आहे.

पांढरा थर आम्लात जोरात फसफसला. म्हणजे कार्बोनेट. पण कार्बोनेट तर ऋण आयन, तोही पडद्यातून येऊ शकत नाही. मग कॅथोडकडे आला कुठून?

मोजमाप

साडेबारा वाचून फार आनंद झाला. दुसरा सेल जोडाल तेव्हा त्याला करंट कमी द्या, तोच भागाकार पुन्हा करून.

कार्बोनेटचे दोन रस्ते आहेत. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर भारच नसतो, त्यामुळे तो पडद्यातून थोडाफार झिरपतो. पण माझा संशय तुमच्या पंपावर आहे. अमोनिया उडवायला तुम्ही कॅथोडच्या द्रावणातून बाहेरची हवा दिवसभर सोडताय. बारा पीएचचं द्रावण त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि तितका हायड्रॉक्साइड खर्च होतो. आम्लाच्या बाटलीतून बाहेर पडणारी हवा वाया घालवू नका, तीच पंपाच्या तोंडाला परत जोडा. अमोनिया आम्लात राहतो, कार्बन डायऑक्साइड पहिल्या काही मिनिटांत संपतो, आणि मग चक्रात नवा येत नाही. मात्र त्या चक्रात हायड्रोजन साठत जाईल, तेव्हा दाब सोडायला एक बारीक नळी हूडमध्ये ठेवा आणि पंप ठिणगी न पडणारा घ्या.

काठावरची

डायाफ्राम पंप आहे, पण मोटरला ब्रश आहेत. म्हणजे आधी पंप बदलते, मग चक्र बंद करते.

ब्लोअरवाला

पंप बदलेपर्यंत बाहेरून येणारी हवा सोडा-लाइमच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या खड्यांच्या, नळीतून घ्या. आमच्याकडे प्रयोगशाळेत तेच करायचे. नळीतले खडे रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी बदलायचे ते दिसतं.

काठावरची

हे आजच होईल. खडे कपाटात आहेत.